आबांचा मुतखडा

आबांना कमरेचं दुखणं आहे, असं चाकणच्या बाजारात वर्षभर सगळे सांगत होते आणि आबाही तेच सांगत होते. आबा म्हणजे माझे वडील. बाजारात ते मापाडी होते. धान्याच्या राशीपाशी उभं राहून मोठ्या आवाजात माप मोजायचं आणि कांद्याची पोती काट्यावर चढवायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं होतं. अशा माणसाची कंबर साठीला दुखणारच, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दिघीकडचा एक हाडं बसवणारा त्यांच्या पाठीवर गुडघा रोवून बसला. कुणी बिब्बा घातला, त्याचे फोड महिनाभर वाहत होते. कुणी निरगुडीच्या पाल्यानं शेकायला सांगितलं. माझा धाकटा भाऊ आणि भावजय जो जे सांगेल ते करत राहिले. मला मात्र यातलं अक्षर कळवायचं कुणाला सुचलं नाही.

मी तेव्हा पिंपरीला होते. माझे यजमान तिथल्या नव्या औषधांच्या कारखान्यात लागले होते आणि कॉलनीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. चाकण काही परमुलुख नव्हे. तरी दिवाळीला माहेरी गेले तेव्हाच मला आबा दिसले. ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मला बघून उठायला गेले आणि उठताच येईना. भाऊ धावला, बगलेत हात घालून त्यानं उभं केलं, आणि आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "काय न्हाई गं, उसन भरलीय."

त्या चार दिवसांत माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. आबा सारखे गोठ्यामागं जायचे. गेले की लवकर यायचे नाहीत, आणि यायचे तेव्हा कपाळावर घाम असायचा. मी एकदा सरळ विचारलं, "आबा, लघवीला काय तरास हुतोय का?"

"नसत्या चौकश्या तुला सांगितल्यात कुणी? वय झालं म्हंजी हुतं तसं."

"कवापास्नं?"

"जा, चुलीकडं बघ जा."

भावाला विचारलं तर तो म्हणाला, आबांनी त्याला काही सांगितलं नाही. भावजयीला विचारण्यात अर्थ नव्हता. ती सासऱ्यासमोर पदर पुढं ओढून उभी राहायची, ती काय विचारणार? म्हणजे माणूस वर्षभर डोळ्यांदेखत गोठ्यामागं कुंथत होता आणि अख्खं घर त्याच्या कमरेला तेल लावत होतं. माझं डोकंच फिरलं. पुण्यात दाखवायला पिंपरीहून गाडी सोयीची, या निमित्तानं मी त्यांना एका ओळखीच्या ट्रकमधून आमच्याकडे घेऊन आले. भोसरीपर्यंत आबा कण्हत होते आणि कण्हता कण्हता ट्रकवाल्याला पोती कशी रचावीत ते शिकवत होते.

पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यायच्या दिवशी यजमानांची पाळी होती, म्हणून भाऊ चाकणहून आला. दवाखान्यात दोघं आत गेले. मी बाहेर बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. बऱ्याच वेळानं आतून आबांचा आवाज आला. बाजारात भांडण झालं की लागायचा तसला चढा. मग ते भावाच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आले, चेहरा लालबुंद.

"पुन्यांदा ह्या दवाखान्यात पाय ठिवनार न्हाई. लाज न्हाई त्या डाक्टरला."

"काय झालं?"

"काय न्हाई झालं. चल घरी."

भाऊ माझ्याकडे बघेना. त्याला परत आत बोलावलं, मग पाठीचा एक्स-रे फोटो काढायला आबांना दुसरीकडे नेलं, पुन्हा बसवलं, पुन्हा भाऊ एकटा आत. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी विचारलं, तर म्हणाला, "कमरंचंच हाय, आक्का. गोळ्या दिल्यात." एवढं बोलून त्यानं आबांना उचललं आणि टांगा बघायला निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो चाकणला पळाला.

गोळ्यांनी काही झालं नाही. दुखणं पाठीतून मांड्यांत उतरलं. आबांना आधी चालताना भिंत लागायची, मग मी लागायला लागले, मग चालणंच संपलं. पाय थंड पडले. अंथरुणावरच भांडं द्यावं लागलं. मी धोतर सोडायला गेले की आबा उपरणं तोंडावर ओढून घ्यायचे आणि त्या उपरण्याखालून मला शिव्या घालायचे. भांडं गार आहे, भांडं नीट धरलं नाही, दार नीट लावलं नाही. दार लावलेलंच असायचं. मी म्हणायचे, "लावलंय आबा." ते म्हणायचे, "आवाज आला न्हाई." मग मी उठायचे, दार उघडायचे आणि त्यांना ऐकू जाईल असं लावायचे.

त्यात कॉलनीतली माणसं. दर संध्याकाळी कुणीतरी यायचं आणि यजमानांना म्हणायचं, "अहो, तुमच्याच कारखान्यात ती नव्या औषधाची इंजेक्शनं होतात, दोन आणा की सासऱ्यासाठी." यजमान सांगून थकले की ते बाटल्या धुण्याच्या खात्यात आहेत आणि ते औषध या दुखण्याचं नाही. आबांना हे मुळीच पटत नव्हतं. "जावई औषधाच्या कारखान्यात आन् सासरा तळमळतुया," असं ते भिंतीकडे बघून बोलायचे, यजमान घरात असताना. यजमान बिचारे गप्प राहून त्यांना कूस बदलायला मदत करायचे.

मी यजमानांना विचारलं, भाऊ तुम्हाला काही बोलला का? ते चपला घालता घालता म्हणाले, "पुरुषांचं काहीतरी दुखणं आहे म्हणाला. तू नको त्यात पडूस."

नको त्यात पडूस! मी दिवसातून कितीतरी वेळा ते भांडं उचलत होते, चादरी धूत होते, पाठीखाली हात घालून त्यांना वळवत होते, त्यांच्या शिव्या खात होते. यापेक्षा आणखी कशात पडायचं राहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी शेजारणीला आबांजवळ बसवलं आणि एकटीच गाडीनं पुण्याला गेले. डॉक्टर वयस्क होते, तुटक बोलायचे. मला बघून म्हणाले, "घरात पुरुषमाणूस नाही का?"

"दोन आहेत," मी म्हणाले. "एक इथून ऐकून गेला, दुसऱ्यानं त्याच्याकडून ऐकलं, आणि दोघंही मला सांगत नाहीत. भांडं मी उचलते. तेव्हा मलाच सांगा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बसायला सांगितलं. मग आबांच्या पाठीचा फोटो शोधून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मणक्यांवर कापसाचे बोळे चिकटवावेत तसे पांढरे डाग होते. ते म्हणाले, लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना एक ग्रंथी असते, तिथे कॅन्सर झाला आहे आणि तो हाडांत उतरला आहे. कंबर दुखत होती ती त्यामुळे. पाय गेले तेही त्यामुळेच.

"बरं होईल?"

"नाही."

"पाय?"

"फार उशीर झालाय. पण दुखणं कमी करता येईल." आणि इथे ते पहिल्यांदा जरा अडखळले. "छोटी शस्त्रक्रिया असते. दोन्ही वृषणं काढून टाकायची. त्यांच्यातला रस रक्तात जातो, त्यावर हा रोग पोसतो. तो बंद झाला की बऱ्याच रोग्यांचं दुखणं थोड्याच दिवसांत उतरतं. खात्री देत नाही, पण उतरतं." मला शब्द कळला नाही हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. टेबलाकडे बघत म्हणाले, "बैलाला करतात तसं."

त्यांनी फोटो पाकिटात घातला.

"तुमच्या भावाला मी हे त्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी वाट बघतोय. तुम्ही लोक येतच नाही."

परतीच्या गाडीत मी रडले नाही. मला एवढा राग आला होता की रडायला जागाच नव्हती. आपल्या बापाला कॅन्सर झाला आहे, तो आता जाणार, हे मनाशी नीट धरायला हवं होतं. पण मी खडकी येईपर्यंत भावाला काय काय बोलायचं ते जुळवत होते आणि खडकीनंतर त्यात भर घालत होते. इतके दिवस! रोज त्या माणसानं दात आवळून चादर मुठीत धरली होती. आणि उपाय भावाच्या पोटात होता.

रविवारी भाऊ आला. कांद्याची पिशवी दारात ठेवून तो "आबा कसं हायती?" म्हणाला आणि मी सुरू झाले. आबा आतल्या खोलीत होते, पण आमच्या त्या दोन खोल्यांत आतलं नि बाहेरचं असं काही वेगळं नव्हतं, मधे नुसता पडदा होता. मी आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही.

"तुला डॉक्टरनं सगळं सांगितलं हुतं. तू मला कमरंचं म्हणालास. तुला काय म्हणावं रे? बापाला वरडताना ऐकतोस आन् गप बसतोस?"

"आक्का, हळू."

"का हळू? तुला लाज वाटली व्हय सांगायची? मग सांगायचं हुतंस मला, मी सांगितलं असतं!"

तो पिशवीतले कांदे बघत उभा राहिला. मोठा बाप्या, दोन लेकरांचा बाप! तेवढ्यात पडद्यामागून आबा म्हणाले, "त्याला कशापाय बोलतीस? मी शपथ घातली त्याला."

मी पडदा बाजूला केला. आबा छताकडे बघत होते.

"डाक्टरनं मलाबी सांगितलं हुतं," ते म्हणाले. "म्याच न्हाई म्हनलो, त्यावरनंच वरडत भाईर आलो. कुनाला सांगशील तर माझं मेल्याचं तोंड बघशील, असं म्हनलो त्याला."

आता मी कुणावर ओरडावं? भावावर ओरडून झालं होतं. मी खाली बसले. आबांना विचारलं, का म्हणून? आधी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाले, "बाजारात नाव पडंल."

हे ऐकून बाहेरच्या कुणाला हसू आलं असतं. पण मला कळलं. चाकणच्या बाजारात माणसांना नावं ठेवायचं काम आबांचंच होतं. आडते, हमाल, व्यापारी, गाडीवान, कुणीच त्यांच्या तोंडातून सुटला नव्हता, आणि आबांनी एकदा ठेवलेलं नाव जन्माला पुरायचं. एका धान्यवाल्या व्यापाऱ्यावर पूर्वी कधी अंडवृद्धीची शस्त्रक्रिया झाली होती. आबांनी त्याला नाव ठेवलं, 'हलकं माप'. पुढं तो दुकानात शिरला की हमाल आपसात तेवढंच म्हणायचे. त्याच्या मुलांनासुद्धा लोक हलक्या मापाची पोरं म्हणायचे. आबांना हे सगळं पाठ होतं. दुसऱ्यांचं काय होतं ते त्यांनीच घडवून आणलं होतं आणि आता ते त्यालाच भीत होते.

"बाजारात नाव पडंल म्हणून तुमी असं वरडत पडनार?"

"पडलो तर पडलो."

"आन् मी?"

"तुला कुनी आनायला सांगितलं हुतं मला?"

मग मी ते बोलले. "आबा, बाजारात तुमी आता परत जानार न्हाई. पाय परत यायचे न्हाईत."

भाऊ "आक्का!" म्हणाला. आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"हे डाक्टर बोलला का तू बोलतीस?"

"डॉक्टर बोलला."

"मग त्यानं मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी त्याला बोलू दिलं का?"

मी चहा ठेवायला गेले. चहा घेऊन आले तर म्हणाले, "मुतखडा झालाय म्हनून सांगायचं. चाकनात एकाला बी खरं कळलं तर मी तुमच्या दोघांच्या हातचं पानी घेनार न्हाई." एवढ्यावर ते तयार झाले. भाऊ ज्या चपळाईनं टांगा आणायला पळाला, ती त्यानं आधीच दाखवली असती तर, असं मी त्याही वेळी बोलून घेतलं.

शस्त्रक्रिया अगदी थोड्या वेळाची होती. आबांना भूलही पूर्ण दिली नव्हती, नुसती जागा बधिर केली होती. त्यामुळे सगळा वेळ ते डॉक्टरांना सूचना देत होते, असं तिथल्या परिचारिकेनं मला नंतर सांगितलं. लघवीसाठी रबरी नळी बसवली आणि ती कशी धुवायची ते मला शिकवलं. घरी आणलं त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा ऊन खोलीत आलं होतं. मी दचकून उठले. आबा रोज पहाटेच हाका मारून उठवायचे. पडदा सारून बघते, तर ते झोपले होते. तोंड उघडं, मूठ सुटलेली. मी तिथेच चौकटीला धरून उभी राहिले. यजमान मागून आले आणि त्यांना वाटलं, संपलं. मी हातानंच सांगितलं, झोपलेत.

जाग आल्यावर आबांनी पिठलं मागितलं. केलं. एक घास खाल्ला आणि म्हणाले, "मिरची टाकायला इसरलीस का सासरी शिकीवलंच न्हाई?"

दुखणं सगळं गेलं नव्हतं, पण ते अंगावर झेलण्याजोगं झालं. आबांना कंठ फुटला. आणि मग आमची खरी पंचाईत झाली, कारण चाकणहून लोक यायला लागले. मुतखडा काढला म्हटल्यावर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच. "कुठाय? दावा की."

पहिल्या दोघांना मी सांगितलं, डॉक्टरांनी ठेवून घेतला. त्यांचं समाधान झालं नाही. एकजण म्हणाला, आमच्या मामाचा तर बाटलीत घालून घरी दिला होता, तुम्ही मागितला का नाही? तो गेल्यावर आबा म्हणाले, "खडा पायजे."

"कुठनं आनू?"

"नदीत काय कमी हायती?"

मी म्हणाले, मी असलं सोंग करणार नाही. त्यांनी दुपारचं जेवण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही घेईनात. शेवटी भावाला निरोप धाडला आणि तो इंद्रायणीच्या काठावरून एक खडा घेऊन आला. चांगला लिंबाएवढा. मी कपाळाला हात लावला. "अरं, ह्यो पोटातनं निघाला म्हनून कुनाला पटंल?"

"मला काय ठावं केवढा असतो?"

आबांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला. "आसू दे," म्हणाले. यजमानांनी कारखान्यातून फुटकी म्हणून टाकून दिलेली एक बाटली आणली. खडा तिच्या तोंडातून जाईना. भाऊ परत नदीवर गेला. या वेळी बोराएवढा आणला आणि तो बाटलीत बसला. तो उशाशी ठेवून आबा दरबार भरवायला लागले. लोक बाटली उजेडात धरून बघायचे आणि आबा सांगायचे, डॉक्टर काय म्हणाला, असला खडा त्यानं जन्मात बघितला नव्हता, दोन चिमटे वाकले. दर खेपेला एक चिमटा वाढायचा. मी चहा आणायचे, कप आपटायचे. मला काळजी वाटायची की कुणीतरी चादर सरकवेल, नळी दिसेल, काहीतरी विचारेल. आबांना कसलीच काळजी नव्हती.

आणि एक दिवस तो 'हलकं माप' आला. चांगला जाडजूड, शांत माणूस. सीताफळं आणली होती. आबांनी त्यालाही बाटली दिली, गोष्ट सांगितली. त्यानं बाटली हातात धरली, फार बारकाईनं बघितली नाही. आबांच्या कमरेवरच्या चादरीकडे एकदा नजर गेली त्याची, ती लगेच काढून घेतली. बाटली उशाशी ठेवत म्हणाला, "आता दुखनं कमी हाय न्हवं? मग झालं." सीताफळं पिकलीत का ते दाबून बघितलं, कुठलं आज खावं, कुठलं उद्या, ते मला सांगितलं आणि गेला.

आबांनी बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "त्याला कळलं."

"कशावरनं?"

"खड्याचं काय बोलला न्हाई."

मी म्हणाले, आता तो बाजारात सांगेल. आबा नुसतं "हं" म्हणाले. पण बाजारात काही झालं नाही. भाऊ रोज तिथेच असायचा, त्याच्या कानावर कधी एक शब्द आला नाही. मला वाटलं, यावरून तरी आबांची जीभ जरा आटोक्यात येईल. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या शेजाऱ्याला, त्याच्या चालण्यावरून, असं नाव ठेवलं की ते कॉलनीत पसरलं आणि शेजारीण महिनाभर माझ्याशी बोलेना.

थंडी संपता संपता दुखणं परत वर यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आता असंच होणार. पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून मी त्यांना सारखी वळवायचे, स्पिरिट लावायचे, पावडर लावायचे. गादीखाली फळ्या घातल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, कण्यावर भार द्यायचा नाही, बसवायचं अजिबात नाही, हाड मोडेल. आणि आबांनी रोज सकाळी उठून तेवढंच मागायचं, "बसीव मला."

"न्हाई."

"घटकाभर."

"न्हाई म्हटलं ना आबा."

"पडल्या पडल्या मानूस काय बघनार? आढं?"

मग त्यांनी चाकणला जायचा धोशा लावला. मी नाही म्हटलं, यजमानांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. परत जेवण बंद. शेवटी बाजाराचाच एक ट्रक आला, भावानं त्यात कडब्यावर गादी अंथरली आणि मी बरोबर गेले. मोशीला ट्रक थांबला तर ओळखीची माणसं वर चढून आबांना भेटायला लागली. मी ड्रायव्हरवर ओरडले. आबा माझ्यावर ओरडले.

चाकणच्या घरी आबांचं अंथरूण ओसरीवर घातलं, रस्ता दिसेल असं. मी भावाला सगळं शिकवलं. खांद्याखाली आणि मांडीखाली हात एकदमच घालायचे, ओढायचं नाही, उचलायचं. नळी कशी उकळायची. तो घामाघूम व्हायचा. पहिल्या वेळी आबांचं धोतर सोडताना त्यानं डोळे मिटून घेतले. मी म्हणाले, "डोळं उघड, न्हाईतर बापाला पाडशील." पण महिन्याभरात तो माझ्यापेक्षा चांगलं करायला लागला. त्याचे हात मोठे होते, आबांना त्यात दचका बसायचा नाही. मी वळवलं की शिव्या, त्यानं वळवलं की नुसतं "हं". हेही मला सहन करावं लागलं.

माझे यजमान इतके दिवस हातानं करून खात होते, म्हणून मी चार दिवसांसाठी पिंपरीला निघाले. निघताना आबांनी परत तेच काढलं, बसीव. मी परत नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग जा. उभी कशाला हायेस?" मी गेले.

निरोप आला तेव्हा मी धुणं वाळत घालत होते. एस.टी.नं पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बायका ओसरीवर बसल्या होत्या. भावानं मला आत नेलं आणि काय झालं ते सांगितलं. शनिवारी, बाजाराच्या दिवशी, आबांनी सकाळपासून हट्ट धरला. भावानं त्यांना उचललं, पाठीशी धान्याची पोती लावली आणि भिंतीशी बसवलं. बाजाराला जाणारा प्रत्येक माणूस थांबून बोलून गेला. दुपारपर्यंत आबा बसून होते. रस्त्यावरून जाणाऱ्या बायाबापड्यांनासुद्धा हाका मारत होते. संध्याकाळी निजवलं तेव्हा दुखणं फार वाढलं, गावच्या डॉक्टरांनी सुई दिली. मग ते फारसे बोलले नाहीत. सोमवारी गेले.

"डॉक्टरनं सांगितलं हुतं बसवायचं न्हाई," मी म्हणाले. "मी तुला बजावून गेले हुते."

"व्हय."

"मग का बसीवलंस?"

"आबा म्हनलं, बसीव. मी बसीवलं."

मी त्याला बोलत सुटले. सुतकाचं घर, बाहेर बायका, आणि मी माझ्या भावाला, चार दिवस तुला माझं एक ऐकता येत नाही का, तुला कधी तुझी अक्कल येणार आहे, असं म्हणत होते. तो कोनाड्याला हात टेकून ऐकत होता. त्याचे डोळे सुजले होते. आमची एक म्हातारी आत्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बये, आता पुरं कर. लोकांस्नी चहा पायजे."

चूल थंड होती. भावानं लाकडं आणली, मी फुंकणी घेतली. लाकडं ओली होती. त्यावरूनही मी त्याला बोलले.